वरचं पाणी, खालचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. नदीच्या पाण्याच्या वाटपावर बोलायला मला का बोलावलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. उत्तर असं मिळालं की, इंजिनिअर बोलतात ते लोकांना कळत नाही आणि पुढारी बोलतात ते इंजिनिअरांना पटत नाही, तेव्हा तुम्ही मधे बसून सांगा.

मधे बसण्याचा मला थोडा अधिकार आहे खरा. मी नेवासे तालुक्यातला. आमच्याकडे मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं, म्हणजे गोदावरीच्या भांडणात आम्ही ‘वरचे’. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, ती पैठणला दिलेली. म्हणजे ती ‘खालची’. पाऊस चांगला झाला की आमचं बहीणभावाचं नातं उत्तम असतं. ऑगस्ट कोरडा गेला की फोनवर आवाज चढायला लागतो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण पाण्याचं भांडण मात्र मराठीत होतं. आवर्तन, पाटचारी, बंधारा, फुगवटा यांना आमच्या दखनीत शब्दच नाहीत. आपा म्हणते, ‘‘तुम्ही वर बसून भरून घेता आणि आम्हाला गाळ ठेवता.’’ मी म्हणतो, ‘‘अगं, आमच्या पाटाला चार आवर्तनं येत होती, ती दोनवर आली.’’ दोघंही खरंच बोलत असतो. दोघांनाही आपापला हक्क वाटत असतो.

‘हक्क’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि इतका रुजला की आता तो परका वाटत नाही. पाण्याच्या हिश्शाला अरबीत आणखी एक शब्द आहे, ‘शिर्ब’. पिणं या अर्थाच्या ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूपासून आपलं सरबतही आलं. इस्लामी कायद्याच्या जुन्या ग्रंथांत मदीनेच्या परिसरातल्या ओढ्यांबद्दलचा एक निवाडा नोंदलेला आहे. वरच्या शेतकऱ्यानं पाणी घोट्याएवढं चढेपर्यंत अडवावं, मग खालच्याला सोडून द्यावं. मला या निवाड्यातलं मोठेपण त्या घोट्यात दिसतं. ‘योग्य तेवढं घ्या, बाकीचं सोडा’ असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी डोकी फुटली असती. घोटा म्हटल्यावर वाद संपला. ती मोजपट्टी प्रत्येकाच्या पायाला लावलेलीच आहे, आणि खालचा माणूस वर येऊन ती स्वतः पाहू शकतो.

आपल्या खानदेशातही असंच डोकं चाललेलं दिसतं. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे, काही शतकांची जुनी. नदीवर एकाखाली एक बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे, ते फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. शेतकऱ्याची जमीन अशी विभागलेली की त्याचा वाटा बहुतेक प्रत्येक फडात असतो. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड अख्खा बंद ठेवायचा. मग तोटा पाटाच्या शेवटी बसलेल्या गरिबाचाच होत नाही, सगळ्यांचा होतो. पाटकरी आणि जागल्या हे गावानं नेमलेले, त्यांची मजुरी गावानं द्यायची. त्यांच्याकडे मीटर नव्हता. जमिनीची आखणी हाच त्यांचा मीटर होता. आमच्या पोरांना इतिहासात लढाया शिकवतात, त्यात पांझरेवरच्या या हिशेबाचं एखादं पान घालायला हरकत नाही.

आता नदी मोठी करा. घोट्याच्या जागी टीएमसी घ्या.

टीएमसी हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि पुढे जातो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३१ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. साडेअकरा हजार क्युसेकनं पूर्ण चोवीस तास पाणी सोडलं की साधारण एक टीएमसी होतं. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले की पाण्याच्या बातम्यांतल्या निम्म्या आरोळ्या आपोआप विरतात.

पैठणचं जायकवाडी धरण, म्हणजेच नाथसागर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. त्यातला २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचा. कालव्यातून वापरता येण्याजोगा तो सुमारे ७६. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरं, तिथले कारखाने आणि मराठवाड्यातली लाखो एकर शेती या पाण्याकडे डोळे लावून असते. आणि वर नाशिक-अहिल्यानगरच्या बाजूला? दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. शिवाय गंगापूर, मुळा, पालखेड आणि किती तरी. ही सगळी धरणं आधी भरतात, मग उरलेलं पाणी पैठणला येतं. चांगल्या वर्षी उरतं, वाईट वर्षी उरत नाही.

भंडारदऱ्याच्या कालव्यावरचा बागायतदार म्हणेल, आमचं धरण आधीचं, आजोबांपासून आम्ही या पाण्यावर ऊस लावतो, तेव्हा आमचा हक्क आधी. हे बोलणं ऐकायला आडमुठं वाटेल, पण जगातल्या एका मोठ्या मुलखात तोच कायदा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत, उदाहरणार्थ कोलोरॅडोत, ज्यानं आधी पाणी वळवून वापरलं त्याचा हक्क आधी. १८६० च्या सुमाराला कुणी पाट खणला असेल तर त्याचा नंबर पहिला. नदीत पाणी कमी झालं की सर्वांत नव्या हक्काचा पाट आधी बंद. वरचा-खालचा हा प्रश्नच नाही, जुना-नवा हाच प्रश्न. त्या न्यायानं १९२६ चं भंडारदरा कायम आधी आणि १९७६ चं जायकवाडी कायम मागे राहिलं असतं.

आपण तसं केलं नाही. २००५ साली महाराष्ट्रानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. असं प्राधिकरण उभं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. त्या कायद्याच्या बाराव्या कलमात एक पोटकलम आहे. नदीच्या उपखोऱ्यातल्या सगळ्या धरणांचं नियंत्रण असं करावं की ऑक्टोबरअखेर, मृतसाठा सोडून, प्रत्येक धरणातल्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील. म्हणजे तूट आली तर सर्वांना सारखी. हा फडाचाच न्याय, फक्त एका गावाऐवजी एका खोऱ्याला लावलेला. माझ्या मते आपल्या राज्यानं केलेल्या शहाण्या कायद्यांपैकी हा एक आहे. मी वरचा असून म्हणतो.

पण कायद्यात ‘साधारण सारखी’ असं लिहिणं सोपं. ते पात्रात उतरवणार कोण? इथे इंजिनिअर येतात. २०१२-१३ च्या दुष्काळानं प्रकरण ऐरणीवर आलं. हि. ता. मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं २०१३ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्या अहवालाचा गाभा म्हणजे एक तक्ता. पैठणला किती साठा आहे ते पाहायचं आणि त्यानुसार वरच्या धरणसमूहांनी कुठल्या गरजेसाठी किती पाणी ठेवायचं ते तक्त्यातून काढायचं. प्राधिकरणानं सप्टेंबर २०१४ मध्ये त्या धर्तीवर आदेश दिला. १५ ऑक्टोबरला खरिपाचा वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडायचं. दोन्ही बाजू मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं ही व्यवस्था कायम ठेवली. तक्ता म्हणजे रूक्ष गोष्ट. पण मंत्र्याच्या दारात जाऊन पाणी मागणं आणि तक्त्यात बोट ठेवून पाणी मागणं यांत, माझ्या आपाच्या भाषेत सांगायचं, भीक आणि पगार यांतला फरक आहे.

२०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडायचं ठरलं, २०१८ मध्ये ८.९९. २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसीचा आदेश निघाला. त्यात प्रवरा समूहातून ३.३६, दारणेतून २.६४३, मुळेतून २.१० आणि गंगापूरमधून ०.५. दशांशाच्या पुढे तीन आकडे! हा आदेश वाचला तेव्हा मला वाटलं, सोनार बसलाय की काय तराजू घेऊन. आणि मग माझ्या शेजारी राहणारे निवृत्त शाखा अभियंता हसून म्हणाले, ‘‘कवीमहाशय, कागदावर तीन आकडे आहेत. पैठणला पोचेपर्यंत पहिला आकडा तरी टिकला का, ते बघा.’’

या साहेबांनी मला एकदा ओढ्यावर नेऊन प्रवाह कसा मोजतात ते दाखवलं. तुम्हीही करून पाहू शकता. ओढ्याचा सरळ तुकडा निवडायचा, तीस मीटर. वरच्या टोकाला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडायचा आणि खालच्या टोकाला घड्याळ धरून उभं राहायचं. समजा एक मिनिट लागलं. म्हणजे पाण्याचा वरचा थर सेकंदाला अर्धा मीटर धावतो. पण तळाचं पाणी दगडगोट्यांना घासत हळू जातं, म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं. ओढा दहा मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असेल तर पाण्याचा काप पाच चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २.१ घनमीटर, म्हणजे ७५ क्युसेक. मोठ्या नदीवर हेच काम पंखा किंवा वाट्या फिरणाऱ्या यंत्रानं करतात. रुंदीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर यंत्र धरायचं, कारण सरासरी वेग बहुधा तिथे सापडतो. असं पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांना करून ठेवलं की पुढे रोज नुसती काठावरची रंगवलेली पट्टी वाचायची. अमुक पातळी म्हणजे अमुक क्युसेक. पण पुरानं पात्राचा आकार बदलला की हा कोष्टकाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. वाळू उपसणाऱ्यांनी बदलला तरीही, आणि आमच्याकडे ते पुराची वाट पाहत नाहीत.

धरणाच्या दरवाज्यातून किती सुटलं ते काढता येतं. दरवाजा किती उघडला आणि पाण्याचा दाब किती, यावरून. पाटचारीवर साधं व्ही आकाराचं खाचेचं दार बसवलं तरी पाण्याची उंची पाहून विसर्ग कळतो. खरी अडचण मधल्या वाटेची आहे.

निळवंड्यातून सुटलेलं पाणी प्रवरेच्या पात्रानं शंभरावर किलोमीटर येतं, टोक्याला गोदावरीत मिसळतं आणि मग नाथसागरात जातं. वाटेत ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांच्या फळ्या काढल्या नाहीत तर पाणी तिथेच थांबतं. काठावर विजेचे पंप. म्हणून पाणी सोडायच्या वेळी नदीकाठची वीज बंद करतात, बंधाऱ्यांवर पोलीस बसवतात. वीज बंद झाली की पिण्याच्या पाण्याचे पंपही बंद, जनावरांचे हाल, पिठाच्या गिरण्या थंड. २०२३ च्या नोव्हेंबरात हे सगळं काठच्या गावांनी सोसलं. आपाला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘आमच्याकडे उन्हाळाभर टँकर येतो, तो कधी पाहिलास?’’ मी गप्प झालो.

आणि माणसांनी एक थेंबही घेतला नाही तरी वाळू घेते. कोरडं पात्र आधी स्वतः पितं, मग पुढे सोडतं. इथे एक साधा हिशेब आहे. प्रवरेचे ते ३.३६ टीएमसी पाच हजार क्युसेकनं सोडले तर आठ दिवसांत संपतात. एक हजारानं सोडले तर ३९ दिवस लागतात. पाणी तेवढंच, पण दुसऱ्या रीतीनं वाळूला, उन्हाला आणि चोरट्या पंपांना एकतीस दिवस जास्त मिळाले. म्हणून पाणी सोडायचं तर मोठ्या लोंढ्यानं, सलग, आणि पावसाळा संपताच, पात्र ओलं असताना सोडायचं, असं इंजिनिअर सांगतात. तक्त्यातली १५ ऑक्टोबर ही तारीख त्यामुळे महत्त्वाची. २०२३ मध्ये आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला. मग कोर्टकचेऱ्या, आंदोलनं, आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. त्या महिन्याभरात पात्र वाळत होतं. कज्जा खेळणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वकिलांपैकी कुणी वाळूची बाजू मांडली नसेल, पण निकाल थोडाफार तिच्या बाजूनं लागलाच.

वरची माणसं यावर विचारतात, पोचणारच नसेल तर सोडता कशाला? हाही प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. कोलोरॅडोच्या कायद्यात त्याला जागा आहे. खालच्या जुन्या हक्कदारानं पाणी मागितलं, पण वरचा पाट बंद करूनही ते त्याच्यापर्यंत कामाला येईल इतकं आणि वेळेत पोचणार नसेल, तर ती मागणी निष्फळ ठरवता येते आणि वरच्याला पाणी घेऊ देतात. मात्र पोचेल की नाही हे तिथे सभेत ओरडून ठरत नाही, मोजमापावरून ठरतं. सरकारी जलअधिकारी पाटापाटावर हिंडतो, दारं तपासतो आणि कुणी हक्कापेक्षा जास्त घेत असेल तर त्याचं दार बंद करून कुलूप घालतो. वयाचा हक्क मला पटत नाही, पण हा कुलूपवाला माणूस मला हवा आहे. आपल्याकडे हक्क न्याय्य लिहिलाय आणि मोजमाप ढिलं आहे. तिथे हक्क जुनाट, पण मोजमाप चोख.

चोख मोजमाप आपल्याला जमत नाही असंही नाही. याच गोदावरी खोऱ्यात, दिंडोरीजवळ वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर गाव. शेपटाच्या शेतकऱ्याला कागदावर पाणी असतं, शेतात नसतं, हे ज्यांची शेती पाटावर आहे त्यांना सांगायला नको. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि एक मागणी लावून धरली. एकरावर नको, घनमापावर पाणी द्या. आमच्या हद्दीत मोजून ताब्यात द्या, आतलं वाटप आम्ही बघतो. त्यातून शेपटाला पाणी पोचायला लागलं, आणि पुढे सगळ्या धरणावरच्या संस्थांचा मिळून एक प्रकल्पस्तरीय संघ झाला. यातला नेमका शब्द ‘आमच्या हद्दीत’ हा आहे. धरणापाशी मोजलेलं पाणी हे देणाऱ्याचं मोजमाप. हक्कदाराचं मोजमाप त्याच्या दारात व्हायला हवं.

जायकवाडीलाही हेच लागू आहे. वरून किती सोडलं हा आकडा आमच्याकडच्या पेपरात ठळक येतो. पैठणला किती पोचलं हा आपाकडच्या पेपरात. दोन्ही आकडे एका दिवशी, एका चौकटीत, एकाखाली एक छापले आणि मधला फरक कुठल्या टप्प्यात पडला ते सांगितलं, तर निम्मं भांडण मिटेल. टोक्याला, जिथे प्रवरा गोदावरीत पडते, तिथे काठावर एक मोठी पट्टी रंगवा आणि तिच्या शेजारी क्युसेकचं कोष्टक मराठीत लावा. संगमावर स्नानाला येणारी बाई आणि मासे धरणारा कहार दोघांनाही वाचता आलं पाहिजे. उपग्रह आणि संगणक जरूर वापरावेत. पण ज्या आकड्यावर माणसाचा विश्वास बसायचा तो त्याच्या डोळ्यांना दिसावा लागतो, घोट्यासारखा.

आता एका हिस्सेदाराबद्दल बोलायचं राहिलं. वरचे आले, खालचे आले, शहरं आली, कारखाने आले. नदी आली का?

पैठणच्या खाली उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात उतरून पाहा. बंधाऱ्यांमागे डबकी आणि मधे वाळू. माझ्या मेव्हण्यांचे वडील पोहत पलीकडे जायचे तिथे मुलं क्रिकेट खेळतात. पाणीवाटपाच्या भांडणात धरणात अडलेला थेंब हा कुणाचा तरी असतो, आणि पात्रातून वाहत जाणारा थेंब वाया गेलेला समजतात. ‘समुद्राला वाहून जाणारं पाणी’ हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो. पण मासे, काठच्या विहिरी, वाळूतून झिरपणारं आणि घाण पाणी धुवून नेणारं हे सगळं त्या वाहत्या थेंबावर चालतं.

कोलोरॅडोनं १९७३ साली कायदा करून एक गंमतीदार गोष्ट केली. ओढ्यात पाणी वाहतं ठेवणं हाही पाण्याचा हक्क मानला आणि तो राज्याच्या जलसंधारण मंडळाच्या नावावर लावला. म्हणजे प्रवाहाला इतर शेतकऱ्यांसारखाच नंबर मिळाला. मग प्रश्न आला, त्याला किती पाणी द्यायचं? त्यासाठी इंजिनिअर आणि मासेतज्ज्ञ ओढ्यातली सर्वांत उथळ, खळखळती, दगडाळ जागा शोधतात. पाणी आटताना पहिल्यांदा उघडी पडते ती हीच. तिथे आडवा दोर ताणून तळाची उंचसखल रेघ मोजतात आणि पाहतात, किती क्युसेक असताना माशाला जाण्याइतकी खोली राहते, तळाचा पुरेसा भाग ओला राहतो आणि पाण्याला वेग राहतो. ही जागा तगली तर वरचे-खालचे डोह तगतात. कवी म्हणून मला हे फार आवडलं. खळाळ ऐकू येणं हे तिथे मोजमापाचं एकक झालं.

अर्थात त्या हक्काचं वय १९७३ च्या पुढचं. शंभर वर्षं जुने पाट आधी पाणी घेतात, आणि कोरड्या वर्षी ओढ्याचा नंबर लागायच्या आत ओढा आटतो. म्हणून जुने हक्क विकत किंवा दान घेऊन ते प्रवाहाला देण्याची सोय कायद्यात आहे. आपल्याकडे वयाचा अडसर नाही. तूट सर्वांना सारखी हा आपला न्याय. त्यात नदीला एक हिस्सेदार म्हणून बसवणं उलट सोपं जावं.

२०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की नद्यांमध्ये कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवावं. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अधिसूचना काढून हंगामानुसार टक्केवारी ठरवली, हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांत २०, पावसाळ्यात ३०. गोदावरीला हे लावायचं तर पहिला प्रश्न इंजिनिअरचाच आहे, कशाच्या टक्के? जिथे धरणानं उन्हाळ्याचा प्रवाह अडवून अर्धशतक होत आलं, तिथे आजची सरासरी काढली तर उत्तर शून्याच्या आसपास येईल, आणि शून्याचे वीस टक्के शून्यच. धरणं नसती तर एप्रिलमध्ये इथे किती पाणी वाहिलं असतं, हे जुन्या नोंदी, पाऊस आणि वरचा सगळा वापर जुळवून पुन्हा उभं करावं लागतं. काम किचकट आहे, पण अशक्य नाही.

हे काम पावसाच्या वर्षातच होऊ शकतं. २०२५ च्या सप्टेंबरात जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि खाली मराठवाड्यात पुरानं शेतं खरवडून नेली. अशा वर्षी कुणी ६५ टक्क्यांचं नाव काढत नाही. तो आकडा पुन्हा तपासायला सरकारनं २०२३ मध्ये अभ्यासगट नेमला, आणि त्यावरून वरच्या-खालच्यांत नवा वाद आहेच. आकडा ६५ असो की आणखी काही, धरणं भरलेली असताना माणसं जरा शांत डोक्यानं बोलतात. आपा आणि मी तर हल्ली तासभर बोलतो. परवा तिनं विचारलं, ‘‘तुझ्या त्या पट्टीवर नदीची रेघ कुठे मारायची रे?’’ मी ते साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात चला माझ्याबरोबर पैठणच्या खाली. आधी खळखळती जागा शोधू.’’